उतारावर, पाठमोरी

यारित्साला नेरियो आधी दिसला नाही, आधी लागला. पाठीला लागला, आणि चांगलाच लागला.

नाताळ तोंडावर आला होता. डोंगरावरून उतरलेलं धुकं लोमिता वस्तीच्या त्या एकुलत्या एक मोठ्या उतारावर दुपारपासून रेंगाळत होतं. यारित्सा पायांत स्केट्स चढवून, तोंड वरच्या चर्चकडे आणि पाठ उताराकडे करून, उलटी खाली येत होती. उलटं जाणं तिला झकास जमायचं. कमरेला हलका झोका, पाय आत-बाहेर, आत-बाहेर... बघणाऱ्याला वाटावं, ही पोरगी रांगायलासुद्धा उलटीच शिकली असणार. फक्त एक गोष्ट तिला येत नव्हती. थांबणं.

नेरियो खांद्यावर केळीच्या पानांचा हा एवढा भारा घेऊन चढ चढत होता. धाड! पानं रस्त्यावर, पानांवर यारित्सा, आणि नेरियो कडेला बसल्या बसल्या आपला चष्मा चाचपतोय.

"अगं बाई, पाठीला डोळे नाहीत हे मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तोंडाला काय झालं होतं? ओरडायचं तरी!"

"ओरडले की! तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

"काय ओरडलीस?"

"माफ करा, म्हणाले."

"धडकायच्या आधीच?"

"नंतर बोलायच्या अवस्थेत असेन की नाही, काय माहीत!"

तो हसला. मोठ्यानं, गडगडून. डोंगरातली माणसं अशी हसत नाहीत. ती शेजाऱ्याची झोपमोड होणार नाही इतपतच हसतात आणि घरच्या मांजरालाही 'तुम्ही' म्हणतात. हा तर पहिल्या वाक्यापासून अगंतुगंवर आला होता. यारित्सानं ओळखलं... केळीची पानं विकणाऱ्या नेल्वाबाईंचा भाचा. त्यांच्यासारखाच सरोवराकाठच्या उकाड्यातून, माराकायबोहून आलेला.

चष्मा पानांखाली सापडला. एक काडी तुटली होती.

"आणा इकडे," यारित्सा म्हणाली. "मी चष्म्याच्याच दुकानात कामाला आहे. उद्या या."

"आधी फोडायचा, मग दुरुस्तीला बोलवायचं. धंदा बरा आहे तुमचा!"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती मुकाट्यानं पानं गोळा करून देऊ लागली. भारा पुन्हा खांद्यावर घेता घेता तो सहज बोलल्यासारखं बोलला, "पाय चुकतोय तुझा. नको त्या पायावर भार टाकतेस."

"तुम्हाला कसं दिसलं? चष्मा तर—"

"चष्मा तू आल्यावर पडला. त्याआधी बघतच होतो की."

"बघत होतात? मग बाजूला का नाही झालात?"

इतका वेळ लाह्या फुटाव्यात तसा बोलणाऱ्या त्यानं या प्रश्नावर मात्र नाक खाजवलं, भारा सावरला आणि चालू लागला. यारित्सा स्वभावानं चौकस. उत्तर न मिळालेला प्रश्न म्हणजे तिला दातात अडकलेला धागा. त्या रात्री तिनं किती कुशी बदलल्या ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. काडी बसवून झाली. यारित्सानं चष्मा त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि कानांमागे बोटांनी चाचपून बघू लागली. गिऱ्हाइकांच्या कानांमागे बोटं फिरवणं हे तिचं रोजचंच काम. आज मात्र बोटं अडखळत होती. या माणसाच्या कानामागे एक छोटासा तीळ होता, आणि तो आपल्याला दिसायला नको होता असं तिला उगीचच वाटत राहिलं.

"नीट बसव हं," तो म्हणाला. "लांब जायचंय मला. सण झाला की दुसऱ्याच दिवशी ओविदियोच्या जीपनं सरहद्दीपर्यंत, आणि तिथून पुढे चिलीला. थोरला भाऊ आहे तिकडे."

"असं," यारित्सा म्हणाली.

लोमितात कुणी देश सोडून जाणार, ही काही बातमी नव्हती. यारित्साच्या पायातले स्केट्सही तिच्या मैत्रिणीचे, कोरिनाचे. ती पेरूला गेली आणि जाताना ते मागे ठेवून गेली. वस्तीत ज्याच्या त्याच्या पायांत कुणातरी गेलेल्या माणसाचे स्केट्स होते. कुणाला ढिले, कुणाला घट्ट. जाणाऱ्याला 'असं' म्हणायचं, मिठी मारायची, आणि त्याची वस्तू नीट वापरायची... एवढंच हातात. पण आजचं 'असं' म्हटल्यावर तिनं नीट बसलेली काडी पुन्हा एकदा बसवून पाहिली, आणि का ते तिला कळेना.

"आणि तू?" त्यानं आरशात बघत विचारलं. "काल उलटी कुणापासून पळत होतीस?"

मग तिला सांगावंच लागलं.

लोमिताची रीत अशी. नाताळाच्या आदल्या पहाटेची प्रार्थना आटोपली की बाळयेशूची मूर्ती रेशमी रुमालात ठेवतात. रुमालाची चार टोकं चौघांच्या हातात, चौघांच्या पायांत चाकं, आणि मागे अख्खी वस्ती, जमेल तो चाकांवर, न जमेल तो चालत. सगळ्यांच्या पुढे मेणबत्ती घेतलेली एक मुलगी. देवाकडे पाठ करायची नाही, म्हणून ती उलटी जाते. बाळावरची नजरही काढायची नाही, म्हणून मागे वळून बघत नाही. ती जिथे थांबेल त्या घरी बाळाचा मुक्काम. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाजतगाजत मूर्ती नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातून उचलून उभी करतात, तोवर त्या घरातल्या एकाही माणसानं वस्ती सोडायची नाही. सोडली तर बाळाला पोरकं केल्यासारखं. मुलगी तोल जाऊन पडली तर ते थांबणं धरत नाहीत, उठून पुढे जायचं. कुठे थांबायचं ते बाळच ठरवतं, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ते वस्तीतल्या बायका महिनाभर आधी ठरवतात. यंदा ठरलं होतं उताराच्या तळाशी, एर्सिलियाबाईंचं, सगळ्यांच्या तोंडी 'दोन्या' एर्सिलियांचं, घर. त्यांनी दार निळ्या रंगानं रंगवायला काढलं होतं आणि व्हायोलिनवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आजवर ती मेणबत्ती कोरिनाच्या हातात असे. कोरिना गेली. "मग यंदा बाळाला टेम्पोतून नेऊ," असं फादर ओक्तावियो म्हणाले, आणि यारित्साच्या तोंडून निघून गेलं, "टेम्पोतून कशाला? मला येतं!"

"थांबता येत नाही, हे सांगितलंस त्यांना?" नेरियोनं विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही."

"अस्सं! म्हणजे तू देवाला घेऊन थेट खालच्या नदीत जाणार."

"तुम्हाला येतं थांबता?"

"माराकायबोत माझं अख्खं लहानपण चाकांवर गेलंय. माझे स्केट्स भाऊ घेऊन गेला, पण पाय इथेच आहेत."

"मग शिकवाल?"

"एका अटीवर. प्रश्न कमी विचारायचे."

"का?"

"हे बघ! झाली सुरुवात."

रोज दुकान बंद झालं की दोघं उतारावर भेटू लागले. ती चाकांवर, तो कापडी बुटांत तिच्या शेजारून उलटा चालत. "डाव्या पायावर बस," तो सांगायचा. "बस म्हणजे खरंच बस, गुडघा वाकव. आता उजवा पाय मागे लांब टाक, आडवा. चाकं घासू देत रस्त्यावर. दाबू नकोस... दाबू नकोस म्हटलं ना!"

ती दाबायचीच. दाबलं की चाकं रस्ता पकडायची, यारित्सा भोवऱ्यासारखी फिरायची आणि बसायची ती थेट डांबरावर. गुडघ्यांना गुडघेपट्ट्या होत्या. जिथे लागत होतं तिथे बांधायला पट्ट्या मिळत नाहीत.

"भीती वाटली की माणूस घासणाऱ्या पायावरच सगळा भार देतो," नेरियो तिला हात देत म्हणाला. "उलट करायचं. ज्या पायावर उभी आहेस, त्याच्यावरच उभी राहा. दुसऱ्याला नुसतं रस्त्याशी बोलू दे."

"काय बोलू दे?"

"यारित्सा!"

"बरं, बरं. नाही विचारत."

आणि मग एका संध्याकाळी पाय बोलला. खर्रर्र... असा लांब, स्वच्छ आवाज आला, गुडघा वाकला, मेणबत्तीऐवजी हातात धरलेली काठी जराही हलली नाही, आणि यारित्सा उभी. उतारावर, पाठमोरी, निश्चल. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. नेरियोनं आनंदानं तिचे दोन्ही हात धरून अशी काही आरोळी ठोकली की बेकरीवाला बाहेर येऊन बघून गेला. बेकरीवाला आत गेला तरी हात तसेच होते. ते कोणी आधी सोडावेत, हे दोघांनाही ठरवता येईना.

"त्या दिवशी," यारित्सानं हळूच विचारलं, "बाजूला का नाही झालात?"

"बघत राहिलो म्हणून."

"काय बघत?"

"तुला. आणखी काय होतं रस्त्यावर?"

आता नाक खाजवण्याची पाळी तिची होती. धुक्यात तिचे गाल दिसले नसतील, एवढीच तिला आशा.

पण नुसतं थांबून भागणार नव्हतं. योग्य जागी थांबायला हवं होतं, आणि तेही मागे न बघता. "पाठीनं रस्ता शीक," नेरियो म्हणाला. हे कसं करायचं, या विचारानंच ती हरखून गेली. आधी बेकरीचा खरपूस वास. मग औषधांच्या दुकानापुढचं गटाराचं झाकण, चाकाखाली खडखडणारं. मग नेल्वाबाईंचं दार. तिथे नाताळच्या अयाका, म्हणजे आत सारण भरलेल्या मक्याच्या पिठाच्या पुड्या, बांधायची केळीची पानं मऊ पडावीत म्हणून जाळावर धरत, आणि त्या धुराचा हिरवा, किंचित कडवट वास रस्त्यावर येई. आणि तळाशी दोन्या एर्सिलियांच्या दाराचा ताजा रंग. याच रस्त्यावर ती लहानाची मोठी झाली होती, आणि त्याला इतके वास आहेत हे तिला आत्ता कळत होतं. एक मात्र खरं, धुराचा वास आला की तिची चाल आपोआप मंदावत असे. नेरियोनं त्याबद्दल कधी टोकलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी नेल्वाबाई दारात जाळापाशी बसून दोघांना येताना बघत होत्या.

"चष्मा तिनं नीट केला, चाल तू नीट केलीस," त्या पान उलटत म्हणाल्या. "आता कोण कुणाचं काय लागतं तेवढं सांगून टाका, म्हणजे मी मोकळी."

"मावशी! सण झाला की निघतोय मी."

"मला काय सांगतोस? माझं तोंडपाठ झालंय ते. तिला सांग."

नेरियो यारित्साला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. आज तो हसत नव्हता.

"खरं सांगू? इथे आल्यापासून आमच्या दारात कुणी साधी मेणबत्ती मागायला आलं नाही," तो म्हणाला. "पानं घ्यायला सगळे येतात. 'फार उपकार झाले' म्हणतात, आणि जातात. तुमच्यात कुणी वाईट बोलत नाही गं... पण कुणी राहासुद्धा म्हणत नाही."

तो थांबून तिच्याकडे बघत राहिला. चष्म्याआडचे ते डोळे वाट बघत होते, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. यारित्साच्या जिभेवर शब्द आला. एकच तर होता. पण डोंगरातल्या घरात वाढलेली मुलगी. दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये, कुणाला भीड घालू नये, हे दुधाबरोबर पाजलेलं.

"तिकडे थंडी असते म्हणतात," ती म्हणाली. "स्वेटर न्या."

"नेतो," नेरियो म्हणाला आणि वळला.

घरी येऊन तिनं उशीत तोंड खुपसलं. "स्वेटर!" ती स्वतःवरच चिडून रडली. "स्वेटर म्हणे!" तो तिला आवडत होता. नुसता आवडत नव्हता. त्याच्याशिवायचा तो उतार कसा असेल याची कल्पनासुद्धा तिला सहन होत नव्हती. आणि तिनं त्याला लोकरीचा सल्ला दिला होता.

पहाटेची प्रार्थना संपली. चर्चच्या दारात गारठा मी म्हणत होता, आणि माणसं हातातल्या गरम चॉकलेटच्या वाफेवर नाकं शेकत होती. फादर ओक्तावियोंनी मूर्ती रुमालात ठेवली. चौघांनी टोकं धरली. त्यातलं एक जीपवाल्या ओविदियोच्या हातात. यारित्सानं मेणबत्ती घेतली, बाळाकडे तोंड केलं आणि उताराला पाठ दिली.

चाकं गरगरू लागली. समोर रुमालात झुलणारं बाळ, त्याचे रंगवलेले टपोरे डोळे. मागे गाणी म्हणत येणारी वस्ती. आधी बेकरीचा वास आला. मग झाकण खडखडलं. सगळं नीट चाललं होतं. आता फक्त सरळ तळापर्यंत जायचं, निळ्या रंगाचा वास आला की बसायचं, पाय टाकायचा, संपलं. फादर खूश, दोन्या एर्सिलिया खूश, आणि परवा ओविदियोची जीप सुटणार.

आणि मग पाठीवरून तो धूर आला. हिरवा, कडवट. सणाचा दिवस, नेल्वाबाईंचा जाळ पहाटेपासून पेटलेला. जाळापाशी कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं कुणाचं हे कळायला तिला वळून बघायची गरज नव्हती.

यारित्सा डाव्या पायावर बसली. उजवा पाय मागे लांब टाकला, आडवा. दाबला नाही.

खर्रर्र...

मेणबत्तीची ज्योत जरा कलली आणि पुन्हा सरळ झाली. समोरच्या चौघांनी दचकून टाचांचे ब्रेक दाबले. त्यांच्या मागचे त्यांच्यावर, त्यांच्या मागचे आणखी त्यांच्यावर. गाणं मधेच तुटलं. धुक्यात सगळी वस्ती पानवालीच्या काजळलेल्या दारासमोर उभी राहिली.

फादर ओक्तावियो धापा टाकत पुढे आले. "यारित्सा, तोल गेला का तुमचा?" त्यांनी प्रेमानं विचारलं. "गेला असेल तर काही बिघडलं नाही, हं. पुढे चला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तोल गेला असणार. पोरगी नवीन आहे. एवढं 'हो' म्हटलं की सगळं सुरळीत होणार होतं.

"नाही, फादर," यारित्सा म्हणाली. "मी थांबले."

तळाकडून काठीचा आवाज येऊ लागला. दोन्या एर्सिलिया चढ चढून वर येत होत्या, सणाची शाल पांघरून. त्या वळसा घालून यारित्सासमोर उभ्या राहिल्या आणि आधी दम खाल्ला.

"बाई, माझं दार खाली आहे. निळं. दिसत नसेल, पण रंगाचा वास तर येणार होता ना?"

"येणार होता, दोन्या एर्सिलिया."

"मग इथे काय आहे?"

यारित्सानं बाळाकडे पाहिलं. बाळ काही मदत करण्याच्या बेतात दिसेना. तिचे कान पेटले. पण ज्या पायावर उभी होती, त्याच्यावर ती उभी राहिली.

"इथे नेरियो आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "परवा ते जाणार आहेत. बाळ इथे राहिलं तर त्यांना फेब्रुवारीपर्यंत जाता येणार नाही. आणि मला... मला ते फेब्रुवारीतही जायला नको आहेत. कधीच नको आहेत. मला ते आवडतात. कालच सांगायचं होतं, पण मी भलतंच काहीतरी बोलले."

नेल्वाबाईंच्या हातातलं पान जाळात पडून करपलं, तरी त्यांना भान नव्हतं.

दोन्या एर्सिलियांनी एकदा यारित्साकडे पाहिलं, एकदा दारातल्या त्या उंच, काजळी लागलेल्या पोराकडे. मग फादरकडे वळल्या. "बाळ ठरवतं म्हणे! दरवर्षी आपणच ठरवतो ना, फादर? यंदा हिनं ठरवलं." आणि मागे बघून ओरडल्या, "अरे, माझा केक वर आणा कुणीतरी! व्हायोलिनवाल्यांनाही सांगा, दार बदललं म्हणून."

"अहो पण माझ्या घरात पानं सोडून काही नाही!" नेल्वाबाईंना रडू फुटलं होतं आणि हसूही. "बाळाला ठेवू कुठे?"

"मग पानांवरच ठेवा. गोठ्यात जन्मलाय तो. त्याला काय गालिचे लागतात?"

माणसं हसली, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि ती वस्ती पहिल्यांदाच पानवालीच्या घराचा उंबरा ओलांडू लागली. नेरियो मात्र जागचा हलला नव्हता. शेवटी तो पायरी उतरून खाली आला, यारित्साच्या हातातली मेणबत्ती त्यानं काढून घेतली आणि तो हात आपल्या हातात धरला.

"ओविदियो," त्यानं हाक मारली. नजर तिच्यावरच होती. "जीपमधली माझी जागा देऊन टाक कुणाला तरी."

ओविदियो रुमालाचं टोक सांभाळत दारातून आत शिरत होता. "बरं," तो म्हणाला. "आणि फेब्रुवारीतली एक ठेवू का राखून?"

"नको," नेरियो म्हणाला.